भुंगेऱ्याच्या पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या पाइनच्या जंगलात मात्र भुंगेऱ्याच्या पाठीवर परक्यांचे बिऱ्हाड असते, आणि ते परके विंचवाच्याच गोतातले असतात. भुंगेरा जेमतेम ३ मिलिमीटरचा. सालीखाली बोगदे पोखरून तो उभी झाडे वाळवतो. त्याचे कडक पंख उचलले की खाली सूक्ष्म कोळी दिसतात, आपल्या वांग्यावरच्या लाल कोळ्याचे दूरचे भाऊबंद. कोणी बुडातून निघालेल्या दांड्याने चिकटलेला, तर कोणी पोटाखालच्या चूषकांनी.

या प्रवाशांची शिरगणती केली लुइझियानातल्या पाइनव्हिल इथे वनसेवेत काम करणाऱ्या जॉन मोझर यांनी. १९७१ साली रोटन या सहकाऱ्यासोबत त्यांनी ॲलन पॅरिश या एकाच परगण्यातून ९६ जातींची यादी छापली.

एवढी नावे हवीत कशाला? टार्सोनेमस क्रांट्झी हा कोळी घ्या. स्मायली आणि मोझर यांनी १९७४ साली त्याला हे नाव दिले. त्याच्या अंगावर त्वचेच्या घडीच्या पिशव्या असतात आणि त्यांत तो लाकूड निळे करणाऱ्या बुरशीचे बीजाणू वाहून नेतो. बुरशी पसरली की कोळ्याचे पोट भरते, पण भुंगेऱ्याच्या अळ्यांची उपासमार होते, कारण त्यांना लागणारी बुरशी वेगळी. म्हणजे फुकटा प्रवासी यजमानाच्या पोरांच्या मुळावर उठतो. सगळ्यांना सरसकट ‘कोळी’ म्हटले असते, तर हा डाव कळलाच नसता.

ओळख पटवण्याचे काम हाताचे आहे. बारीक सुईच्या टोकावर कोळी उचलायचा, लॅक्टिक आम्लात ठेवून आतला ऐवज विरघळवायचा आणि काचपट्टीवर हॉयरच्या द्रावणात बसवायचा. हे द्रावण म्हणजे डिंक, क्लोरल हायड्रेट, ग्लिसरीन आणि पाणी. मग सूक्ष्मदर्शकाखाली रोम मोजायचे: कोणत्या पायाच्या कोणत्या पेरावर किती, किती लांब, साधे की काटेरी. एका रोमावरून जात बदलते. कंटाळवाणे वाटेल, पण डोळ्यांना असा व्यायाम दुसरा नाही.

त्यातही फसगत ठरलेली. १९७५ मध्ये मोझर आणि क्रॉस यांनी दाखवले की काही कोळ्यांच्या माद्या दोन रूपांत जन्मतात. एक साधी आणि दुसरी खास स्वारीसाठी, पुढच्या पायांना दणकट नख्या असलेली. शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटणार नाहीत. नुसत्या काचपट्ट्या पाहून त्यांना दोन वेगळी नावे देऊन बसणे अगदी सोपे. खात्री करायची तर जिवंत कोळी पाळून पिढ्या पाहाव्या लागतात.

नव्या जातीचे वर्णन छापताना एका नमुन्याला मूळ नमुना ठरवून संग्रहालयात ठेवतात. पुढे वाद झाला तर त्याच काचपट्टीकडे परतावे लागते. तिच्या कडेला लाखेसारखा लेप नीट दिला नसेल, तर हॉयरचे द्रावण हवेच्या ओलाव्याने बिघडते आणि नमुना हातचा जातो.