विहिरीचें पाणी आणि हातांतलें मापनयंत्र

अजिंठ्याच्या घाटाखालीं फर्दापूरच्या शिवारांत पाण्याची परीक्षा पूर्वापार जिभेनेंच होत आली आहे. गोडें, मचूळ आणि खारें एवढे तीन भेद जीभ जाणते, आणि कपाशीपुरती ती परीक्षा पुष्कळ होती. कारण कपाशी क्षार बराच सोसते. परंतु मोसंबी किंवा लिंबाची बाग धरावयाची असल्यास जिभेवर विसंबणें धोक्याचें होय. ही झाडें क्षाराच्या बाबतींत फार नाजूक असतात.

याकरितां आतां खिशांत मावेल एवढें विद्युत्‌वाहकता मोजण्याचें यंत्र मिळतें. पाण्यांत क्षार जितके अधिक, तितका वीजप्रवाह त्यांतून सुलभ वाहतो, एवढेंच त्यांतील तत्त्व. अमेरिकेंतील रिव्हरसाइड येथील क्षारसंशोधन प्रयोगशाळेनें 1954 सालीं ओलिताच्या पाण्याच्या ज्या पायऱ्या ठरविल्या, त्यांत 25 अंश सेल्सिअस उष्णमानास 250 मायक्रोसीमेन्सपर्यंतचें पाणी कमी क्षाराचें, 750 पर्यंतचें मध्यम, 2250 पर्यंतचें अधिक क्षाराचें व त्यापुढील अत्यंत क्षारयुक्त गणलें आहे.

परंतु यंत्र आंकडा दाखवितें म्हणून तो खराच असतो असें नव्हे. पोटॅशियम क्लोराइडचें 1413 मायक्रोसीमेन्सचें प्रमाणद्रव बाजारांत मिळतें. समजा, विहिरीच्या पाण्यांत यंत्रानें 640 दाखविले आणि प्रमाणद्रवांत 1413 ऐवजीं 1090 च दाखविले. मग विहिरीचा खरा आंकडा 830 च्या आसपास येतो. म्हणजे मध्यम समजलेलें पाणी वरच्या पायरीवर गेलें! बाग लावून चार वर्षांनीं हें कळण्यापेक्षां प्रमाणद्रवाची बाटली स्वस्त पडते. तराजूचें पासंग पाहणारा शेतकरी यंत्राचें पासंग मात्र पाहत नाहीं, हें नवल आहे.

पाण्याचा आम्लविम्लपणा मोजणाऱ्या यंत्राचा तर जन्मच बागाइतीशीं निगडित आहे. कॅलिफोर्नियांत लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजण्याची अडचण निघाली, तेव्हां आर्नोल्ड बेकमन यांनीं 1934 सालीं तें सिद्ध केलें. तें 4 व 7 अंकांच्या प्रमाणद्रवांत, आणि आपलें पाणी बहुधा विम्ल असल्यामुळें 9.2 च्या द्रवांतही, जुळवून घ्यावें.

कारखान्याच्या शेजारीं जमीन असणारांस याचा आणखी एक उपयोग आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें 2014 सालीं साखर कारखाने व आसवन्या धरून सतरा प्रकारच्या उद्योगांस सांडपाण्यावर अखंड चालणारीं मापनयंत्रें बसविण्याचा आदेश दिला. अशा यंत्राच्या टोकावर शेवाळ व गाळ बसला, कीं आंकडे हळूहळू सरकतात. त्याच जागीं, त्याच वेळीं नीट जुळविलेलें हातयंत्र बुडविल्यास तें उघड होतें.

एक गोष्ट मात्र हें वाहकतायंत्र सांगत नाहीं: क्षार कोणता आहे. सोडियम अधिक असल्यास काळी जमीन चिबड होते. विदर्भांतील पूर्णा खोऱ्यांत ही व्यथा प्रसिद्धच आहे. त्यासाठीं नमुना प्रयोगशाळेंत धाडावा. मोटार कांहीं वेळ चालवून मगच बाटली भरावी, आणि ती त्याच पाण्यानें आधीं तीनदां विसळावी. आम्लविम्लपणा मोजणाऱ्या यंत्राचा कांचेचा गोळा कधीं वाळूं देऊं नये. तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रवांत ठेवावा, शुद्ध पाण्यांत नव्हे.