कालव्यावरील पावसाळी मुक्काम

दक्षिण फ्रान्समधील ‘कॅनाल द्यु मिदी’ या कालव्यांतून नौकेनें हिंडणारें एखादें जोडपें कास्तेलनोदारी गांवीं येतें आणि पावसाची झड लागते. ओल्या दगडांवर उभें राहून दोर सांभाळणें धोक्याचें. म्हणून नौका तेथील विस्तीर्ण जलाशयाच्या कांठीं बांधून दोघें आंत बसून राहतात. सुटीचे दिवस फुकट चालले, असें त्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु तूलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा हा २४० किलोमीटरांचा जलमार्ग पावसाच्याच जिवावर चालतो.

नोरूझ येथें हा कालवा समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवर पोंचतो. दोन्ही टोकांस दारें असलेल्या हौदांतून नौका पायरीपायरीनें चढते व उतरते, आणि दर खेपेस वरचें पाणी खालीं सोडावें लागतें. माथ्यावर इतकें पाणी आणावें कोठून? पिएर-पॉल रिके यानें उत्तरेकडील काळ्या पर्वतांतले ओढे वळविले, सां-फेरेओल येथें धरण बांधलें, आणि हा प्रश्न सोडविला. १६६६ सालीं योजनेस राजाची मंजुरी मिळाली व १६८१ सालीं कालवा खुला झाला. तो सोहळा पाहणें रिकेच्या नशिबीं नव्हतें. १६८० सालींच तो वारला.

पर्वतावर पाऊस न झाला, तर माथ्यावरचें पाणी आटून नौका अडतील. मुक्काम लांबविणारा पाऊसच पुढील प्रवासाची तरतूद करीत असतो.