गट पाच-तीनचा तीन-पाच कसा झाला?

माती परीक्षणाचा अहवाल हाती पडला म्हणजे आपण आधी काय पाहता? बहुतेक जण खतांच्या मात्रेवर नजर टाकतात आणि कागद घडी करून फडताळात ठेवतात. यापुढे आधी वरच्या कोपऱ्यातला गट क्रमांक पाहावा, अशी माझी विनंती आहे. तिला कारण घडले आहे, आणि त्यात थोडा दोष माझाही आहे.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावात दोघा शेतकऱ्यांनी एकाच दिवशी मातीचे नमुने दिले. एकाची जमीन ओढ्याकाठची, गट ५ हिस्सा ३. उन्हाळ्यात वर पांढरट थर धरणारी, पाऊस पडला की चिकट होऊन पाणी वर धरून ठेवणारी. दुसऱ्याची गट ३ हिस्सा ५, मध्यम काळी, निचऱ्याची, सोयाबीन उत्तम देणारी. पिशव्यांवर चिठ्ठ्या होत्या, ५/३ आणि ३/५. अहवाल आले ते मीच चावडीवर वाटले, आणि वाटताना उघडूनही पाहिले नाहीत.

सोयाबीनवाल्याच्या कागदावर सामू ८.९ आणि शेरा ‘चोपण जमीन’. तो मला म्हणाला, “साहेब, माझ्या रानात पाणी मुरतं, उन्हाळ्यात भेगा पडतात. हे रान चोपण कसं?” मी त्याला उत्तर दिले, “यंत्र खोटे बोलत नाही.” बिचाऱ्याने जिप्समसाठी पैसे भरले. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला मात्र सामू ७.४ चा कागद मिळाला. तो खूश होऊन त्याने तिथे हरभरा पेरला. अर्धाही उगवला नाही. उगवला तो पिवळा पडला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी प्रयोगशाळेत गेलो. तपासणी चोख होती. घोळ झाला होता संगणकावरच्या तक्त्यात. हे तक्ते फार हुशार असतात. मध्ये तिरकी रेघ असलेले दोन लहान आकडे दिसले की ते त्यांना तारीख समजतात. तो संगणक अमेरिकी रिवाजावर, म्हणजे आधी महिना मग तारीख असा लावलेला होता. त्यामुळे ५/३ ची झाली ३ मे आणि ३/५ ची झाली ५ मार्च. छापण्यापूर्वी एका मुलाने त्या तारखा पाहिल्या आणि भल्या मनाने पुन्हा आकड्यांत लिहिल्या, पण आपल्या पद्धतीने. ३ मे म्हणजे ३/५, आणि ५ मार्च म्हणजे ५/३. झाली अदलाबदल! कोणीही तीन-पाच केले नाही आणि तरीही तीन-पाच झाले.

उलगडा झाला तो प्रयोगशाळेतील बाईंच्या रोजवहीमुळे. त्या प्रत्येक नमुन्याचा वाचनांक यंत्रावर पाहताक्षणी पेन्सिलीने वहीत लिहितात, शेजारी प्रयोगशाळेचा अनुक्रमांक आणि पिशवीवरची चिठ्ठी जशीच्या तशी. वही उघडली आणि पाच मिनिटांत दोन्ही जमिनी आपापल्या धन्याकडे परत आल्या. जिप्सम ओढ्याकाठी गेले. हरभऱ्याचे बियाणे मात्र गेले ते गेलेच.

हे केवळ आपल्या तालुक्यातच घडते असे समजू नका. मोठमोठे शास्त्रज्ञही यात सापडले आहेत. सजीवांच्या पेशीत जनुके असतात आणि त्यांना संशोधकांनी आखूड नावे दिली आहेत. त्यांतील काही ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशी होती. तक्त्यात घातली की त्यांच्या तारखा व्हायच्या. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जनुकांचे तक्ते जोडलेले प्रसिद्ध निबंध तपासले, तेव्हा सुमारे पाचातील एका निबंधात अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने या जनुकांची नावेच बदलली. संगणक ऐकेना म्हणून जनुकाने नाव बदलले!

आता सामू मोजण्याच्या यंत्राबद्दल थोडे सांगतो, कारण अहवालातील पहिला आकडा बहुधा त्याचाच असतो. १९३४ मध्ये अमेरिकेत आर्नोल्ड बेकमन यांनी असे यंत्र बनवले ते लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजण्यासाठी. फळबागाईतदारांच्या संघात काम करणाऱ्या त्यांच्या मित्राची ती अडचण होती. म्हणजे हे यंत्र मुळात शेतकऱ्याच्याच गरजेतून आले. जुन्या यंत्राला काटा असे. यंत्र बिघडले की काटा थरथरे, आणि पाहणाऱ्याला शंका येई. आजचे यंत्र ८.४३ असा आकडा दाखवते, आणि तो खरा असो वा खोटा, तितक्याच ठामपणे दाखवते. म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी सामू माहीत असलेल्या बफर द्रावणांत, साधारणतः ४, ७ आणि ९.२ च्या, ते लावून घ्यावे लागते. त्याची काचेची कांडी कोरडी पडू द्यावयाची नाही आणि साध्या पाण्यातही बुडवून ठेवावयाची नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावयाची. मातीच्या एका भागास अडीच भाग पाणी घालून ढवळून मगच वाचन घ्यावयाचे. हे ज्या दिवशी चुकले, त्या दिवशीचे सगळेच अहवाल चुकतात.

कृषी महाविद्यालयाची मुले-मुली कार्यानुभवासाठी आमच्याकडे येतात. हुशार असतात. वाचन आले की फोनवर छायाचित्र काढतात, वहीत नंतर लिहू म्हणतात. मग चाळीस छायाचित्रे होतात आणि कोणते कोणत्या नमुन्याचे ते कळत नाही. सेंद्रिय कर्बाची तपासणी अजूनही बऱ्याच ठिकाणी १९३४ सालच्याच वॉकली-ब्लॅक पद्धतीने होते. थेंब थेंब सोडताना निळसर जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो. तो क्षण डोळ्यानेच पकडायचा असतो. संगणकावर पाहून ती क्रिया समजते, पण हात बसत नाही. आपली मुलगी वा मुलगा हे शिक्षण घेत असेल तर सुट्टीत घरी आल्यावर त्याची प्रयोगवही जरूर मागा. खाडाखोड असलेली वही असेल तर समाधान माना. फार स्वच्छ असेल तर ती उतरवलेली आहे असे समजावे.

आपण स्वतः काय करावे? नमुन्याची चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, कारण ओलाव्याने शाई पसरते. एक चिठ्ठी पिशवीत, एक बाहेर. गट क्रमांकाला तिरकी रेघ देऊ नका, ‘गट पाच, हिस्सा तीन’ असे अक्षरी लिहा. नमुना घेतला त्या जागेची खूण, जसे विहिरीपासून उत्तरेस अमुक पावले, घरच्या वहीत टिपून ठेवा. पोचपावतीवरचा अनुक्रमांक जपा. गावातील तरुण नोंदी संगणकावर करत असतील तर त्यांना सांगा, की आकडे भरण्यापूर्वीच तो रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्यावा. नंतर ठरवून उपयोग नाही, तोवर तारीख होऊन गेलेली असते.

आणि अहवाल आपल्या रानाशी जुळत नसेल तर गप्प बसू नका. प्रयोगशाळेत जाऊन वही दाखवा म्हणावे. अधिकारी “यंत्र खोटे बोलत नाही” म्हणाला तरी दुसरा नमुना द्यावा. ओढ्याकाठच्या त्या शेतकऱ्याने पुढच्या वेळी दोन पिशव्या आणल्या. एक प्रयोगशाळेला दिली. दुसरी गाठ मारून, चिठ्ठी लावून घरी खुंटीला टांगली आहे.