पत्तेमोजणीची लपवणूक

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारात मनातल्या मनात पत्ते मोजणारा खेळाडू आपली मोजणी कॅसिनोच्या लक्षात येऊ नये म्हणून ज्या युक्त्या योजतो, त्यांना पत्तेमोजणीची लपवणूक म्हणतात. मोजणीत पत्त्यांवर खूण केलेली नसते किंवा कोणतेही उपकरण वापरलेले नसते. खेळाडू फक्त स्मरणशक्ती व अंकगणित वापरतो. तरीही मोजणारा ओळखू आला की बहुतेक कॅसिनो त्याला खेळू देत नाहीत.

मोजणीचे तत्त्व

ब्लॅकजॅकमध्ये पत्त्यांची बेरीज २१ पेक्षा जास्त होऊ न देता वाटणाऱ्याच्या, म्हणजे डीलरच्या, बेरजेवर मात करायची असते. वाटून झालेले पत्ते पुन्हा पिसेपर्यंत बाजूला राहतात. त्यामुळे उरलेल्या गठ्ठ्याचे स्वरूप प्रत्येक डावागणिक बदलत जाते. त्यात दहा गुणांचे पत्ते व एक्के अधिक असल्यास खेळाडूचे पारडे जड होते. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का व दहा गुणांचा पत्ता आल्यास पारंपरिक नियमानुसार त्याला पैजेच्या दीडपट रक्कम मिळते. शिवाय बेरीज १६ किंवा त्याहून कमी असताना डीलरला पत्ता घ्यावाच लागतो, आणि अशा वेळी तो २१ ओलांडण्याची शक्यता वाढते.

प्रचलित 'हाय-लो' पद्धतीत दुर्री ते छक्का या पत्त्यांना +१, सत्ता ते नव्वा यांना ० आणि दहा, गुलाम, राणी, राजा व एक्का यांना −१ असे मूल्य देतात. एका संपूर्ण कॅटची बेरीज शून्य येते. चालू बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागले असता खरी मोजणी मिळते. उदाहरणार्थ, बेरीज +१२ व उरलेले कॅट ४ असल्यास खरी मोजणी +३ होते. ती वाढली की पैज वाढवायची, घटली की कमी करायची, हे या पद्धतीचे सार होय. अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांच्या 'बीट द डीलर' (१९६२) या पुस्तकाने मोजणीची कल्पना सर्वदूर पोहोचवली.

लपवणुकीच्या युक्त्या

मोजणारा उघडा पडतो तो मुख्यतः पैजेच्या चढउतारामुळे. म्हणून तो सहसा जिंकल्यानंतरच पैज वाढवतो, जेणेकरून ती वाढ विजयाच्या भरात केल्यासारखी वाटावी. शेजाऱ्याशी गप्पा मारणे, मद्य घेतल्याचा आव आणणे, मुद्दाम किरकोळ चूक करणे आणि थोड्याच वेळात टेबल सोडणे याही रूढ युक्त्या आहेत.

१९७० च्या दशकात अल फ्रान्सेस्को यांनी सांघिक पद्धत रूढ केली. काही सदस्य लहान पैजा लावत निरनिराळ्या टेबलांवर मोजणी करीत. अनुकूल स्थिती येताच खूण करून ते मोठी पैज लावणाऱ्या साथीदाराला बोलावीत. त्याची पैज सतत मोठीच असल्याने संशय येत नसे. या संघातील केन यूस्टन पुढे वेषांतर करून खेळण्यासाठीही प्रसिद्ध झाले.

मर्यादा

मोजणाऱ्याला मिळणारा लाभ सरासरी सुमारे एक टक्क्याच्या आसपास असतो. मुद्दाम केलेली प्रत्येक चूक व टाळलेली प्रत्येक मोठी पैज त्यातूनच वजा होते. लपवणूक अति झाल्यास लाभ उरतच नाही. लाभ असतानाही दीर्घकाळ तोटा होऊ शकतो. कॅसिनोही अधिक कॅट वापरणे, पत्ते लवकर पिसणे, सतत पिसणारी यंत्रे बसवणे व कॅमेऱ्याने पाळत ठेवणे असे उपाय करतात.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत केवळ मनाने मोजणे हा गुन्हा नाही. नेवाडा राज्यात मात्र मोजणीसाठी उपकरण वापरणे गुन्हा आहे. यूस्टन यांच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निर्णय दिला की, कॅसिनोला केवळ मोजणीच्या कारणावरून स्वतःच्या अधिकारात खेळाडूला मज्जाव करता येणार नाही.

भारतात जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यातील दुरुस्त्यांमुळे पंचतारांकित हॉटेलांत व जहाजांवर परवानाधारक कॅसिनो चालतात. मांडवी नदीतील जहाजे त्यांपैकीच होत. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंविषयी कायदा संमत केला, पण तो कधीही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे बुलढाण्यासह संपूर्ण राज्यात कायदेशीर कॅसिनो नाही आणि १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे.

१९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्यप्रधान खेळ ठरवताना, पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात हे एक कारण मानले. तीन पत्तीसारख्या खेळाला मात्र निव्वळ दैवाचा खेळ म्हटले. म्हणजे रमीत जी स्मरणशक्ती खेळाला कायद्याचे संरक्षण मिळवून देते, तीच ब्लॅकजॅकच्या टेबलावर खेळाडूला लपवावी लागते.

हे सुद्धा पहा
* रमी
* तीन पत्ती
* संभाव्यता