लेण्यांचे फोटो भरपूर, नोंदी कुठे आहेत? जुन्नर-आंबेगावच्या तरुणांसाठी मेटाडेटाची ओळख

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी आणि मानमोडी ही नावे आपल्याला पाठ आहेत. लेणी अभ्यासासाठी जाणारे आपले तरुण प्रत्येक वेळी शेकडो फोटो काढतात, व्हॉट्सॲपवर टाकतात आणि काम झाले असे समजतात. पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्यात साठलेली वेळ आणि ठिकाणाची माहिती पुसली जाते. पाच वर्षांनी तो फोटो कोणत्या लेण्याचा, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

फोटो, शिलालेख किंवा ध्वनिमुद्रण यांच्याबद्दलच्या अशा माहितीला मेटाडेटा म्हणतात. ती कोणत्या रकान्यांत, कशी लिहायची याच्या सर्वमान्य पद्धती म्हणजे मानके.

एकच मानक का पुरत नाही?

सर्वांत सोपे मानक म्हणजे डब्लिन कोअर. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ते पुढे आले. त्यात शीर्षक, कर्ता, दिनांक, विषय, भाषा, हक्क असे १५ मूळ रकाने आहेत. साध्या फोटोला ते पुरतात, लेण्याला पुरत नाहीत.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचे, म्हणजे लेणी क्र. ६ चे उदाहरण घ्या. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिल्याचा लेख तिथे आहे. आता त्याच्या फोटोच्या 'कर्ता' रकान्यात कोणाचे नाव लिहायचे? सुलसदत्ताचे, की फोटो काढणाऱ्याचे? दिनांक सातवाहन काळाचा, की कालच्या रविवारचा? व्हीआरए कोअर हे दृश्यकलेसाठीचे मानक मूळ कलाकृती आणि तिची प्रतिमा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवते. तेवढी पद्धत आपण तिथून घ्यावी.

शिलालेखांसाठी एपिडॉक आहे. झिजलेले अक्षर, तुटलेली ओळ, अभ्यासकाने भरलेली जागा हे सारे त्यात वेगवेगळे दाखवता येते. म्हणून 'मूळ वाचन' आणि 'अनुवाद' हे दोन रकाने एपिडॉकच्या पद्धतीने ठेवावेत.

अशा प्रकारे वेगवेगळ्या मानकांतले हवे ते रकाने एकत्र करून, ते कसे भरायचे याचे नियम लिहून ठेवले की त्याला ॲप्लिकेशन प्रोफाइल म्हणतात. रेचेल हीरी आणि मंजुळा पटेल यांनी २००० साली ही कल्पना मांडली. सगळे नव्याने शोधायचे नाही आणि दुसऱ्याचा साचा जसाच्या तसा गळ्यातही घालून घ्यायचा नाही, हा तिचा गाभा.

आपल्या गरजेचे बदल

पहिला बदल नावांचा. लेण्याद्रीचे लेणी क्र. ७ हा मोठा विहार आहे. आज तिथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती आहे. नोंदीत फक्त 'गणेश मंदिर' लिहिले तर विहार शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. फक्त 'विहार' लिहिले तर गावकऱ्याला सापडणार नाही. म्हणून मुख्य नाव, पर्यायी नावे, मूळ उपयोग आणि आजचा उपयोग असे चार रकाने ठेवा. शोधात आपला वारसा दिसणार की नाही, हे इथे ठरते.

दुसरा बदल ठिकाणाचा. मानमोडीवर 'भीमाशंकर' नावाचा लेणीगट आहे आणि भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग वेगळे. आंबेगाव तालुक्याचे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले, मुख्यालय घोडेगावला आहे आणि पुणे शहराजवळ आंबेगाव बुद्रुक आहेच. त्यामुळे नावासोबत तालुका आणि अक्षांश-रेखांश सक्तीचे करा.

तिसरा बदल लिपीचा. आपण धम्मलिपी म्हणतो, विद्यापीठात ब्राह्मी म्हणतात. आयएसओ १५९२४ या मानकात ब्राह्मीला चार अक्षरी संकेत आहे. तो संकेत वापरा आणि शेजारी 'धम्मलिपी' हा शब्दही लिहा. जगाशी जोड राहील आणि आपला शब्दही.

चौथा बदल काळाचा. मानमोडीवरील लेखात नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाची नोंद आहे आणि वर्ष ४६ कोरले आहे. शक संवत धरला तर ते इ.स. १२४ येते. काही अभ्यासक ते राज्यवर्ष मानतात. कोरलेले वर्ष एका रकान्यात आणि अभ्यासकाचे मत दुसऱ्या रकान्यात, त्याच्या नावासह लिहा. याच लेखाला ल्यूडर्स यांच्या १९१२ च्या यादीत ११७४ क्रमांक आहे. तो लिहिला की आपली नोंद जगभरच्या संशोधनाशी जोडली जाते.

पाचवा रकाना संमतीचा. गावातल्या विहाराचे जुने फोटो, आजी-आजोबांच्या धम्मदीक्षेच्या आठवणी हाही वारसाच आहे. तो कोणी दिला, कोणाला दाखवायचा, हे विचारून लिहा. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू या आदिवासी समाजासोबत घडवलेली मुकुर्तू ही प्रणाली याच विचारावर उभी आहे.

सुरुवात कशी करावी?

संगणक तज्ज्ञाची वाट पाहू नका. एक साधी एक्सेल शीट पुरे. वरच्या ओळीत रकाने, प्रत्येक रकान्यासमोर तो कोणत्या मानकातून घेतला याची नोंद आणि तो भरायचा नियम एका पानावर लिहा. प्रत्येक लेण्याला एक कायमचा क्रमांक द्या. पुस्तकांतले आणि दारावरचे क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही. मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून न घेता थेट मोबाईलमधून घ्या.

पहिल्या महिन्यात दहाच नोंदी करा. त्या दोन वेगळ्या गावांतल्या कार्यकर्त्यांना भरायला द्या. दोघांच्या नोंदी सारख्या आल्या तर नियम पक्के आहेत. वेगळ्या आल्या तर नियम दुरुस्त करा आणि मगच अकराव्या नोंदीकडे वळा.