नखाची बुरशी : औषध तीन महिने, नख दीड वर्ष

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं पायाच्या नखावर बोलावं, याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. पण 'बरं झालं' हे आपण कशावरून ठरवतो, हा प्रश्न मला वर्गापेक्षा माझ्या पायाच्या अंगठ्यानं जास्त नीट शिकवला.

झालं असं, की नख पिवळं, जाड आणि भुसभुशीत झालं होतं. त्याचा कीस सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि बुरशी निघाली. ही तपासणी आधी करावीच, कारण खराब दिसणाऱ्या नखांपैकी निम्म्याच्या आसपास नखांत बुरशी नसते. सोरायसिस असतो, बुटाचा दाब असतो, जुना मार असतो. नखाच्या कडेला सुजतं, ठणकतं, ते नखुरडं, तेही वेगळं. मला टर्बिनाफिनच्या गोळ्या मिळाल्या, रोज २५० मिलिग्रॅमची एक, १२ आठवडे. यकृताची रक्ततपासणी आधी झाली होती. कोर्स संपला. नख पाहिलं तर तसंच पिवळं! मी तावातावानं दवाखान्यात गेलो.

डॉक्टर मुलगी तरुण होती. तिनं बारीक कानशीनं माझ्या नखावर एक आडवी खाच पाडली, स्वच्छ आणि पिवळा भाग जिथे भेटतो तिथे. म्हणाली, "काका, गोळ्यांचं काम बहुतेक झालंय, नखाचं राहिलंय. दोन महिन्यांनी या."

आता यातली मेख बघा. जखम भरते, तसं नख बरं होत नाही. आपल्याला दिसतं ते नख म्हणजे मृत केराटिन. बुरशी मेली, तरी तिनं खराब केलेला भाग पुन्हा पारदर्शक होत नाही. तो मुळापासून येणाऱ्या नव्या नखानं पुढे ढकलला जायचा आणि आपण तो कापायचा, एवढाच मार्ग. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, हाताचं त्याच्या दुप्पट. या वेगानं पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. हाताच्या नखाला सहाएक महिने पुरतात, आणि गोळ्याही सहाच आठवडे.

वय वाढलं की हा वेग आणखी मंदावतो. विल्यम बीन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी हाताच्या अंगठ्याच्या नखावर रेघ कोरून त्याची वाढ ३५ वर्षं मोजली. वयाच्या ३२व्या वर्षी ती रोज ०.१२३ मिलिमीटर होती, ६७व्या वर्षी ०.०९५. काय चिकाटी म्हणायची! हे १९८० साली प्रसिद्ध झालं.

न्यायदर्शनात डोंगरावरच्या धुरावरून आगीचं अनुमान करतात, हे तुम्ही ऐकलेलं असतं. पण बंद खोलीत चूल विझल्यावरही धूर कोंडून राहतो. पिवळं नख हा तसा कोंडलेला धूर. तो पाहून माणसं दोन चुका करतात. एक, औषध लागू पडत नाही म्हणून अर्ध्यावर सोडतात. विशेषतः अमोरोल्फिनसारखं नखावर लावायचं लॅकर. ते पायाला नऊ महिने ते वर्षभर लावायचं असतं आणि दुसऱ्या महिन्यातच कपाटात जातं. दुसरी चूक, गोळ्यांचा कोर्स पुरा करून वर काहीतरी लावत बसतात आणि नख साफ झालं की श्रेय त्यालाच देतात. माझे एक मित्र व्हिनेगरचं माहात्म्य अजून सांगतात. व्हिनेगर सुरू केलं अकराव्या महिन्यात! कावळा बसायला आणि फांदी मोडायला...

मग खरी खूण कोणती? मुळाशी येणारी स्वच्छ पट्टी. ती रुंदावते आहे आणि पिवळेपणा खाचेच्या पुढेच आहे, तर थांबा. टर्बिनाफिन कोर्सनंतरही काही महिने नखात टिकून असतं. पण तीन-चार महिन्यांत पट्टी वाढलीच नाही, किंवा पिवळेपणा खाच ओलांडून मुळाकडे सरकला, तर परत दाखवा. तसं होतंही. बुरशी तपासणीत न सापडणं आणि नख पूर्ण स्वच्छ दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जास्त जणांना साधते, दुसरी कमी जणांना. आपल्या मनानं गोळ्यांचा दुसरा कोर्स मात्र नको. इट्राकोनॅझोल तर हृदय कमकुवत असणाऱ्यांना नखासाठी देत नाहीत.

मधुमेह असणाऱ्यांनी हे निव्वळ दिसण्याचं प्रकरण समजू नये. पायाची संवेदना गेलेली असते, जाड नख बोटात रुततं, जखम कळत नाही. बाकी, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यांवर वेळेवर उपचार करा. तीच बुरशी नखात शिरते. नेलकटर प्रत्येकाचं वेगळं.

मागून एक ताई विचारतायत, नखच काढून टाकलं तर लवकर होईल का? नाही. नवं नख मुळापासूनच यायचं, त्याला तेवढेच महिने लागणार. माझ्या नखावरची ती खाच दोन महिन्यांत जेमतेम अडीच मिलिमीटर सरकली होती.