फ्रोडो ऐनवेळी हरतो, मग नायकत्व शोधायचं कुठे?

एपिक फँटसीतल्या नायकत्वावर पीएच.डी. करायची म्हटलं की बरेच सिनॉप्सिस जोसेफ कॅम्पबेलपासून सुरू होतात. १९४९ च्या त्याच्या पुस्तकातले नायकाच्या प्रवासाचे टप्पे घ्यायचे, कादंबरी त्यांवर बसवायची, झालं काम! पण मित्रांनो, हे टप्पे जवळपास कुठल्याही कथेवर बसतात. मग हातातल्या कादंबरीबद्दल नवीन काय कळलं?

त्यापेक्षा साचा जिथे बसत नाही ती जागा शोधा. टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) ती अगदी कळसाच्या प्रसंगी सापडते. फ्रोडो अंगठी नष्ट करायला आगीच्या दरीपर्यंत पोचतो आणि ऐनवेळी नकार देतो. अंगठी माझी, म्हणून बोटात घालतो. गॉलम त्याचं बोटच चावून तोडतो आणि आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन अंगठीसकट खाली पडतो. जग वाचतं, पण नायकाच्या हातून नाही! टोल्कीनने पुढे पत्रांतून हे अपयश मान्य केलंय. मात्र ते नैतिक अपयश नव्हे, त्या दबावापुढे कुणीच टिकलं नसतं, असं त्याचं म्हणणं.

मग गॉलम तिथे आलाच कसा? आधी बिल्बोने आणि नंतर फ्रोडोने, मारणं शक्य असताना, त्याला सोडून दिलं म्हणून. म्हणजे विजयाची बीजं लढाईत नाहीत, त्या दयेत आहेत. आता गंमत बघा. 'द हॉबिट'च्या १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत बिल्बोच्या दयेचा हा प्रसंगच नाही. तिथला गॉलम पैज हरल्यावर निमूट बाहेरची वाट दाखवतो. दया आली ती १९५१ च्या सुधारित आवृत्तीत. कुठली आवृत्ती वापरताय हे प्रबंधात का लिहायचं, ते यावरून कळेल.

टोल्कीन ऑक्सफर्डमध्ये जुनी इंग्रजी शिकवायचा, त्यामुळे जुन्या वीरकाव्यांशी त्याचा वाद घरातलाच होता. ९९१ साली मॉल्डनच्या लढाईत सेनापती बिऱ्हटनॉथने व्हायकिंगांना अरुंद वाट ओलांडू दिली आणि स्वतःसकट सैन्य गमावलं. त्यावरच्या काव्याबद्दल १९५३ मध्ये लिहिताना टोल्कीन सेनापतीच्या मानापमानाला दोष देतो. त्याला मोठी वाटते ती त्याच्यासाठी मरणाऱ्या साध्या शिपायांची निष्ठा. हे वाचून सॅमकडे परत बघा. मला तर 'नायक कोण?' यापेक्षा 'नायकाच्या हट्टाची किंमत कोण मोजतं?' हा प्रश्न जास्त दमदार वाटतो.

आणि हो, सिनेमावर विसंबू नका. २००३ च्या चित्रपटात फ्रोडो गॉलमशी झटापट करतो आणि त्यात गॉलम पडतो. शिवाय पुस्तकात घरी परतल्यावर मेरी आणि पिपिन ऐटीत मिरवतात, फ्रोडोची मात्र त्याच्याच गावात फारशी कदर होत नाही, आणि सॅमला ते लागतं. हा भाग पुस्तकातच वाचावा लागेल.